डाएटला सुट्टी, पण तारीख ठरवून

आमच्या शनिवार पेठेतल्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेले असते. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, मुलांच्या परीक्षा, चाँदरातचा अंदाज, सगळे त्यावरच. गेल्या जूनपासून त्यावर आणखी एक गोष्ट दिसू लागली. काही आठवड्यांवर निळी रेघ, काही आठवड्यांवर हिरवी. निळी म्हणजे मोजून खायचे दिवस आणि हिरवी म्हणजे सुट्टीचे. धाकट्याने विचारले, "अम्मी, डाएटलापण सुट्टी असते?" मी म्हटले, "असते. आणि शाळेसारखी संपतेपण."

हे उत्तर मला सहज सुचले नव्हते. त्यासाठी तीन वेळा वजन उतरवून तीन वेळा परत चढवावे लागले होते.

माझे वय त्रेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच, वजन तेव्हा 78 किलो. एचबीए1सी 6.2 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असे डॉक्टरांनी सांगितले. आमच्या अम्मींना वीस वर्षांपासून साखर आहे आणि त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली आहेत. त्या बोटांच्या जागेवर मी रोज मलमपट्टी केलेली आहे. त्यामुळे रिपोर्ट हातात आल्यावर मला आकडा दिसला नाही, तो पाय दिसला.

खायचे काय, याचे सल्ले महाराष्ट्रात कमी नाहीत. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा म्हणतात. ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने, घरचे आणि आपल्या मातीतले खा म्हणतात. काही वर्षांपूर्वी यावर घरोघरी दोन तट पडले होते. आमच्याकडेही पडले. माझ्या मिस्टरांचे अप्पा बळवंत चौकाजवळ बाइंडिंगचे दुकान आहे, तिथले कारागीर एका पक्षाचे आणि माझी नणंद दुसऱ्या. मी दोन्ही बाजू ऐकल्या. मला मात्र एक भलताच प्रश्न पडला होता. सुरू कसे करायचे ते सगळेच सांगतात, मध्ये थांबायचे कसे?

कारण माझी गाडी दर वेळी तिथेच घसरली होती. त्याआधीच्या वर्षी जानेवारीत मी जोमाने सुरुवात केली. भात बंद, गोड बंद, रात्री फक्त सूप. मेपर्यंत सात किलो कमी झाले. मग सोलापूरला भाच्याचा वलीमा आला. चार महिने दाबून ठेवलेली भूक त्या एका दुपारी सुटली. बिर्याणी खाल्ली, वर कद्दूकी खीर खाल्ली. त्यात काही बिघडले नसते. बिघडले ते परतीच्या एसटीत. मनात आले, मोडलेच आहे, आता घरी जाऊन सोमवारपासून बघू. तो सोमवार आलाच नाही. बकरी ईदपर्यंत सात किलो परत आले आणि सोबत दोन पाहुणेही घेऊन आले.

गेल्या वर्षी ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी पहिल्या भेटीत मला पथ्य सांगितलेच नाही. कॅलेंडर मागितले. "यात लग्नं कधी, सण कधी, पाहुणे कधी, ते लिहा," म्हणाल्या. मी लिहीत गेले आणि मलाच हसू आले. आमची पेठ म्हणजे सुट्ट्यांचे कोठार. मुर्तजाबाद हे या पेठेचे जुने नाव, पण आज इथे आमच्यासारखी घरे मोजकीच. ओंकारेश्वराच्या बाजूला, जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत आम्ही राहतो. ईदला आमच्याकडून चार मजल्यांवर शीरखुर्मा जातो. मग गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ, संक्रांतीला तिळगूळ वरून खाली येतात. आपल्या दोन ईद, शब-ए-बरातचा हलवा, अकीके आणि वलीमे, शिवाय या साऱ्यांचे सण. वर्षात सलग तीन महिने बिनसणाचे सापडेनात. म्हणजे सुट्टी होणारच होती. फक्त ती मी ठरवणार की वलीमा ठरवणार, एवढाच प्रश्न होता.

बाईंनी आखून दिले ते असे. आठ-दहा आठवडे मोजून खायचे, मग दोन आठवडे थांबायचे. थांबायचे म्हणजे वजन उतरवणे थांबवायचे, वाढवणे सुरू करायचे नाही. काटा आहे तिथे राहील इतके जेवायचे. इंग्रजीतल्या 'डाएट ब्रेक' या शब्दाचा नेमका अर्थ हाच आहे. आपल्याकडे 'ब्रेक' म्हटले की सुटलो असा अर्थ घेतला जातो, तिथेच घोटाळा होतो.

माझ्या बाबतीत निळ्या दिवसांत साधारण चौदाशे कॅलरी आणि हिरव्या दिवसांत अठराशे ठरल्या. म्हणजे फरक चारशेचा. चारशे कॅलरी म्हणजे ताटात किती, हे पाहून माझे डोळे उघडले. एक मध्यम भाकरी जास्त, अर्धी वाटी भात, वरणावर एक चमचा तूप आणि संध्याकाळी एक मूठ शेंगदाणे. झाले! मी समजत होते सुट्टी म्हणजे बिर्याणीचे पातेले. सुट्टी निघाली एक भाकरी आणि मूठभर शेंगदाण्यांची. बिर्याणीही खाता येते, पण मग त्या दिवशी भाकरी, भात आणि शेंगदाणे तिच्यात जमा धरायचे. तेलाचा हिशेब मात्र कुणीच धरत नाही. एक मोठा चमचा, म्हणजे पंधरा मिलिलिटर तेल, साधारण 120 कॅलरी देते. दोन मोठे चमचे सालनावर तरंगतात आणि आपण भाताला दोष देतो.

ही सुट्टी लागते कशाला? कमी खायला लागले की शरीर गप्प बसत नाही. चरबी घटते तसे लेप्टिन हे पोट भरल्याची खबर देणारे संप्रेरक उतरते, भूक लावणारे घ्रेलिन चढते. शरीर लहान झाल्याने खर्चही कमी होतो, शिवाय ते थोडी काटकसर स्वतःहून करते. हात-पाय कमी हलतात, माणूस बसून राहू लागतो, चिडचिडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात अन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, पण ती मुले दिवसरात्र खाण्याचाच विचार करू लागली. बंदी उठल्यावर काहीजण पोट भरूनही भुकेलेच राहिले. आपण कुणी इतके उपाशी राहत नाही. पण रात्री अकरा वाजता मोबाइलवर कबाबचे व्हिडिओ बघत बसणारी मी त्या मुलांच्या दूरच्या नात्यातलीच होते.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लठ्ठ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने सलग सोळा आठवडे कमी खाल्ले. दुसऱ्यानेही सोळा आठवडेच, पण दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे बरोबरीचे अशा पाळीने, त्यामुळे त्यांना तीस आठवडे लागले. सलगवाल्यांचे सरासरी नऊ किलो उतरले, थांबत चालणाऱ्यांचे चौदा. हा अभ्यास खूप गाजला आणि 'ब्रेक घ्या, जास्त उतरवा' अशा जाहिराती सुरू झाल्या. पण त्यात सगळे पुरुष होते आणि त्यांना जेवण मोजून घरपोच मिळत होते. (आपल्याला मोजून घरपोच कोण देणार? आपणच बाकीच्यांना देतो.) पुढे ऑस्ट्रेलियातच व्यायाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांवर असाच प्रयोग झाला, 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात चरबी दोन्ही गटांत सारखीच घटली. मात्र ब्रेक घेणाऱ्यांना भूक आणि चिडचिड कमी जाणवली.

म्हणून माझे मत असे की ब्रेकने वजन भरभर उतरते या आशेवर कुणी राहू नये. उलट वेळ जास्तच लागतो. ब्रेक घ्यायचा तो टिकण्यासाठी.

आणि त्याबद्दलची मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत रेना विंग आणि रॉबर्ट जेफरी या दोघांना माणसे डाएट सोडतात कशी, हे पाहायचे होते. म्हणून वजन उतरवणाऱ्या एका गटाला त्यांनी मुद्दाम सांगितले, सहा आठवडे सगळे सोडून द्या. दुसऱ्याला दोन-दोन आठवड्यांच्या तीन सुट्ट्या दिल्या. तिसऱ्याला सुट्टीच नाही. अपेक्षा अशी की सुट्टीवाले घसरतील आणि घसरण्याचा अभ्यास करता येईल. झाले भलतेच. माणसे सुट्टी संपवून परत आली आणि शेवटी तिन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच उतरले. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झाले. मला वाटते, फरक एवढाच होता की त्यांना सुट्टी दिलेली होती. वलीम्यानंतर मला ती कुणी दिलेली नव्हती, मी ती चोरली होती. आणि चोरी केल्यावर माणूस परत यायला लाजतो.

पहिली हिरवी रेघ गणपतीत आली. दहा आठवड्यांत 78 वरून 73.8 वर आले होते. शेजारच्या काकूंनी उकडीचे मोदक पाठवले, मी एक तुपासकट खाल्ला. रोजची भाकरी-भात वाढवलाच होता. चौथ्या दिवशी काट्यावर उभी राहिले तर 75! माझे हातपाय गळाले. मिस्टर म्हणाले, "चार दिवसांत सव्वा किलो? एवढं तर तू खाल्लंपण नाहीस." त्यांनी गमतीत म्हटले, पण हिशेब बरोबर होता. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त खाव्या लागतात. चार दिवसांत तेवढ्या मी खाल्ल्या नव्हत्या. मग वाढले ते काय? पाणी. भात-भाकरी वाढली की स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा भरतो आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी येते. मीठ जास्त पडले तर आणखी. डाएट सुरू करताच पहिल्या आठवड्यात जे दोन किलो 'चमत्काराने' जातात, तेही बरेचसे हेच पाणी असते. जाताना आपण पेढे वाटतो, येताना रडतो.

माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी इथेच फसल्या. दोन दिवस नीट जेवल्या, काटा किलोभर वर गेला, आणि त्यांनी एक तर उपाशी राहायला सुरुवात केली किंवा सगळेच सोडले. बाईंनी मला सांगितले होते, हिरव्या आठवड्यांत काटा पाहायचाच असेल तर शेवटच्या दिवशी पाहा, त्याआधी टेप वापरा.

टेपचे महत्त्व आपल्या पुण्यानेच जगाला समजावले आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे यावर काम केले. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला गेला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपण भारतीय दिसतो बारीक आणि आतून चरबी बाळगतो, तीही पोटात. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही त्यांना हेच दिसले. वजन कमी, पण चरबी त्या मानाने राखून. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय 23 पासूनच सावध राहायला सांगतात आणि कमरेचा घेर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात. माझा 96 होता. गणपतीच्या त्या दोन आठवड्यांत काटा वर-खाली नाचला, टेप मात्र 91 वरून हलली नाही. ब्रेक संपल्यावर पाचव्या दिवशी काटाही 73.6 वर आला.

दुसरी सुट्टी फसली, तेही सांगितले पाहिजे. दिवाळीला दोन आठवडे ठरवले होते. पहिल्याच आठवड्यात अम्मींचा पाय पुन्हा सुजला, त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. मी रात्री बाकड्यावर, सकाळी कँटीनचा वडापाव, दुपारी काकूंनी दिलेल्या डब्यातल्या चकल्या. दोनाचे पाच आठवडे झाले. 71.5 चे 73.2 झाले, आणि त्यातले सगळे काही पाणी नव्हते. अम्मी खाटेवरून मला बघत म्हणाल्या, "इत्ता-सा मूँ हो गया तेरा, कुछ तो खा." त्यांना मी अजूनही वाळलेलीच दिसत होते. घरी आल्यावर कॅलेंडर पाहिले तर हिरवी रेघ दोन आठवड्यांवर संपलेली आणि पुढे तीन आठवडे कोरे. मागच्या वेळी मी असे कोरे आठवडे बघून पाठ फिरवली होती. या वेळी ते हिरव्या पेनने भरून टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून निळी रेघ ओढली. दीड किलोची किंमत पडली. सात किलोंची पडली नाही.

'चीट डे'बद्दल पुष्कळ जणी विचारतात. आठवड्यातून एक दिवस मनसोक्त, बाकी दिवस कडक. मला तो हिशेब पटत नाही. सहा दिवस रोज चारशे वाचवले तर चोवीसशे होतात. आपल्याकडच्या एका दावतीत बिर्याणी, सीख कबाब, मिर्ची का सालन, डबल का मीठा आणि वर थंड पेय घेतले तर त्यातला बराचसा हिशेब एका बैठकीत पुसला जातो. शिवाय 'चीट' म्हणजे फसवणूक. दोन आठवडे रोज एक भाकरी जास्त खाण्यात कसली आलीय फसवणूक?

फेब्रुवारीत 69.6 झाले आणि रमजान आला. माझ्या जावेने उत्साहाने विचारले, "आता तर महिनाभर आपोआपच उतरेल ना?" थोडे उतरतेही. रोज्यांच्या काळातल्या वजनाचे जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. ते एकत्र पाहिले तर सरासरी किलो-सव्वा किलो घट दिसते, आणि ईदनंतर काही आठवड्यांत बहुतेक परत येते. मग त्या सव्वा किलोसाठी इबादतीच्या महिन्यात मन काट्यात कशाला अडकवायचे? रोज्याची नियत वजनाची नसते. मी सरळ पूर्ण महिन्यावर हिरवी रेघ ओढली. इफ्तारला खजूर आणि पाणी, फळे, मग नमाज आणि त्यानंतर रोजचे जेवण. भजी आठवड्यातून दोनदा. सहरीला नुसता चहा-पाव न घेता अंडे, भाकरी, दही. तरावीहनंतर खाणे नाही. काकूंना भज्यांचा नियम सांगितला तर त्या हसून म्हणाल्या, "आमच्याकडे म्हणतात ना, एकादशी अन् दुप्पट खाशी! साबुदाण्याच्या खिचडीनं आमचं जे होतं तेच तुमच्या भज्यांनी होत असणार." तेव्हापासून त्या आणि मी एकाच पक्षात आहोत.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र हे माझे ऐकून काही करू नये. खाणे कमी-जास्त झाले की औषधाचे प्रमाण बदलावे लागते, नाहीतर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. रमजानच्या आधी महिना-दीड महिना डॉक्टरांना भेटणे उत्तम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवण्याच्या मागेच लागू नये. आणि ज्यांना तीन-चार किलोच उतरवायचे आहेत, त्यांना असल्या रेघांची गरजही नाही, दोन-अडीच महिन्यांत काम होऊन जाते.

ईदच्या दिवशी मी शीरखुर्मा खाल्ला, वाटी भरून. दुसऱ्या दिवशी नणंदेकडे पुन्हा. काट्यावर उभी राहिले ती ईदनंतर सहाव्या दिवशी, फजरनंतर, घरातले सगळे झोपलेले असताना. 69.9. महिनाभरात तीनशे ग्रॅमचा फरक. मला आठ-नऊ किलो कमी झाल्याचा आनंद होताच. पण हा आनंद त्याहून मोठा वाटला, कारण महिनाभर मी काही उतरवत नव्हते, आणि तरी चढले नव्हते. आयुष्यभर करायचे ते हेच काम आहे, आणि त्याची तालीम मी याआधी एकदाही केली नव्हती. एचबीए1सी आता 5.8 आहे. उंबरठा अजून ओलांडला नाही, पण पाय मागे घेतला आहे.

संध्याकाळी काकू आणि मी वर्तक बागेतून निघून शनिवारवाड्याच्या तटाला वळसा घालून येतो. काल अम्मीही जिन्यापर्यंत आल्या, काठी टेकत. नणंदेच्या मुलीचे लग्न पुढच्या महिन्यात ठरले आहे, हळदीपासून वलीम्यापर्यंत चार दिवस. घरी येऊन मी पेन शोधले. निळे सापडले, हिरवे धाकट्याच्या दप्तरात निघाले.